लोकरीचा जोड

सोलापूर आणि लोकर हे दोन शब्द एका वाक्यात आले की बाहेरगावचा माणूस हसतो. त्याचे चुकते असेही नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ च्या खाली यायला तयार नसतो, गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकाव्या लागतात, आणि संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेला जाताना अंगावर शाल घेतली की आपण थंडीचे सर्व सोपस्कार पुरे केले असे आम्हांला वाटते. आमचे गाव सुताचे. चादर सुताची, टॉवेल सुताचा. गिरण्याही सुताच्याच होत्या. पण वाचकहो, याच जिल्ह्यात सांगोला-मंगळवेढ्याकडे धनगरांचे कळप फिरतात, त्या दख्खनी मेंढ्यांची काळीभोर, राठ लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते, आणि सणगर मंडळी तिची घोंगडी विणतात, हे सोलापूरकरांच्याही सहसा ध्यानात राहत नाही. तेव्हा लोकर आम्हांला अगदीच परकी नाही. मात्र जिच्याविषयी मी आज लिहिणार आहे ती लोकर घोंगडीची नव्हे. ती आहे इंग्रजी शिवणीचा एक बायकी पोशाख आणि त्यावरचे जाकीट, असा जोड. आणि त्याने गेल्या श्रावणापासून आमच्या शेजारच्या वाड्यात चांगलेच भांडण लावून दिले आहे.

वाडा पडणार आहे. तिथे पाच मजली इमारत व्हायची आहे. अशा वेळी घरांतून काय काय निघते ते ज्याने पाहिले आहे त्यालाच ठाऊक. पितळी घंगाळी, तीन पायांची तिवई, लालइमलीचा एक मफलर, शिसवी पाळण्याच्या साखळ्या. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, एका जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला, हा जोड निघाला. घडीघडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे. रंग शेवाळी, त्यात काळ्या धाग्याची बारीक ठिपक्यांची वीण. पोशाख गुडघ्याच्या किंचित खाली येणारा, कमरेत घेतलेला; जाकीट आखूड, चार बटणांचे.

त्या वाड्यातल्या आत्यांना सारी आळीच आत्या म्हणते. वय ९१. सोलापूरच्या एका रुग्णालयात त्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. आवाज अजून तसाच आहे, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. ट्रंक उघडली तेव्हा त्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "कसर लागली आहे का बघा आधी. रडगाणी मागाहून."

कसर लागलेली नव्हती. याचे श्रेय कडुलिंबाला द्यावे की चादरीच्या घट्ट विणीला, हे सांगणे कठीण. लोकर खाते ते कसरीचे उडते पाखरू नव्हे, तर त्याची अळी. पाखराला म्हणे खायला तोंडही धड नसते. पाखरू अंधाऱ्या घडीत अंडी घालते आणि अळीला लोकरीतले केराटिन, म्हणजे आपल्या केसांत-नखांत असते तेच द्रव्य, पचवता येते. त्यातही तिला आवडते ती घामाचा, अन्नाचा डाग पडलेली लोकर. म्हणून गृहिणींना एक सांगते: लोकरी कपडा ठेवताना डांबराच्या गोळ्यांची पुडी टाकली की काम झाले असे समजू नका, आधी तो स्वच्छ करा, मग ठेवा, आणि वर्षातून दोनदा उन्हावाऱ्याला झटकून काढा. आत्या दर दसऱ्याला हे न चुकता करीत. सुनेला वाटे, ट्रंकेत चादरी आहेत.

आता हा कपडा कुठला आणि कधीचा? वहिनींनी त्याची छायाचित्रे मुंबईच्या एका जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याला धाडली. तो दुसऱ्याच दिवशी गाडी करून हजर. मी त्या वेळी तिथे बसले होते, आणि कबूल केले पाहिजे की माणूस जाणकार होता. त्याने आधी नाव पाहिले नाही. पोशाखाची चेन पाहिली. चेन धातूची, आणि पाठीवर नव्हे, डाव्या बगलेच्या शिवणीत. "चाळीसच्या दशकातली रीत," तो म्हणाला. पुढे ती पाठीवर गेली आणि साठनंतर नायलॉनची येऊ लागली. मग त्याने लोकरीच्या गुंड्यासारखे ते प्रसिद्ध चिन्ह शोधले. शुद्ध लोकरीचे ते चिन्ह १९६४ सालचे. ते इथे नव्हते, म्हणजे कपडा त्याआधीचा. शेवटी त्याने मानेजवळची पट्टी उलटली आणि मुकाट बसला. लंडनच्या एका नामवंत शिवणकाराचे नाव (घरच्यांच्या इच्छेवरून ते इथे देत नाही), आणि त्याच्याजवळ, बाजूच्या शिवणीत, आणखी एक चिमुकली पट्टी: कापलेल्या चकत्यांसारखे दिसणारे इंग्रजीतले दोन सी आणि पुढे ४१ चा आकडा.

या ४१ ची हकीकत मला फार आवडली, म्हणून जरा थांबते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन बसवले. पैसे असून भागत नसे, कुपने लागत. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने. बायकांच्या एका लोकरी पोशाखाला त्यांतली ११ जात. पाठोपाठ सरकारने ठरीव प्रतीचे, ठरीव किमतीचे कपडे काढले आणि त्यांवर हा छाप मारला. कापड वाया जाऊ नये म्हणून नियम असे की पोशाखाला खिसे दोनांहून जास्त नकोत, बटणे पाचांहून जास्त नकोत, चुण्याही मोजून. आपल्याकडे अशा फर्मानाने शिंपी संपावर गेले असते. तिथे सरकारने नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमिस, डिग्बी मॉर्टन अशा बड्या शिवणकारांनाच बोलावून १९४२ साली या काटकसरीच्या कपड्यांचे नमुने करून घेतले. राणीचे कपडे शिवणारा हार्टनेल गिरणीतल्या मुलीसाठी झगा बेततो, ही गोष्ट लढाईशिवाय घडली नसती. कुपने गेली ती १५ मार्च १९४९ ला. मधल्या काळात पॅरिसमध्ये, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, दिओर नावाच्या गृहस्थाने वारच्या वार कापड घालून घेरदार घागरे दाखवले आणि कुपने मोजणाऱ्या लंडनच्या बायका एकाच वेळी संतापल्या आणि हरखल्या. आत्यांच्या जोडात तो घेर नाही. तो त्या आधीच्या शिस्तीतला कपडा आहे: एकही इंच उगाच नाही.

व्यापाऱ्याने जो आकडा सांगितला तो ऐकून वहिनींनी दोनदा पाणी पिऊन घेतले. अट एकच. जोड आहे तसा हवा. कातर लागली, एक टाका उसवला, की निम्मी किंमत गेली समजा.

वहिनींच्या मनातले मी सांगते, कारण त्या माझ्या मैत्रीण आहेत आणि या प्रकरणात त्यांच्यावर जरा अन्यायच होतो आहे. त्यांची मुलगी, म्हणजे आत्यांच्या भावाची नात, येत्या जानेवारीत शिक्षणासाठी इंग्लंडात लीड्सला जायची आहे. बँकेचे कर्ज झाले आहे, तरी वरचा खर्च उरतोच. व्यापाऱ्याच्या पैशांत विमानाचे तिकीट निघून हातखर्चाला थोडे उरले असते. बरे, त्या जोडाचे घरात करायचे काय? सोलापुरात तो कोण घालणार? आत्यांनीही उभ्या आयुष्यात इथे घातला नाही. मला विचाराल तर मीही विकला असता.

पण कपडा आत्यांचा. त्या म्हणाल्या, "विकायचा नाही." कारण विचारले तर, "घोंगडीच्या बदल्यात आला आहे तो." एवढेच. बाकीची हकीकत आम्ही त्यांच्याकडून पंधरा दिवसांत, तुकड्यातुकड्याने, कधी दडपे पोहे खाताना तर कधी रक्तदाब मोजताना काढून घेतली.

आत्यांचे वडील जुन्या गिरणीत कारकून. मुरारजी गोकुळदासांनी उभारलेली ही गिरणी १८७७ साली सुरू झाली. तिच्या भोंग्यावर सोलापूरची घड्याळे लागत. ऑगस्ट १९४९ मध्ये कारभाराच्या गोंधळापायी ती एकाएकी बंद पडली. हजारो घरांची चूल तिच्यावर. शेवटी जानेवारी १९५० मध्ये मध्यवर्ती सरकारने वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला. त्याविरुद्ध एका भागधारकाने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कायद्याचे विद्यार्थी तो अजून वाचतात. कायद्याच्या पुस्तकात आत्या नाहीत. तेव्हा त्या १५ वर्षांच्या होत्या. घरात पाठची चार भावंडे, वाण्याची उधारी, आणि वडील सकाळी भोंग्याच्या वेळेला सवयीने कपडे करून ओटीवर बसून राहत. "त्या महिन्यांत मी ठरवले," आत्या म्हणाल्या, "की ज्या धंद्याला भोंगा नाही असे काहीतरी शिकायचे. आजारी माणसे काही संपावर जात नाहीत." त्या नर्सिंगला गेल्या. त्या काळात ब्राह्मणाघरची मुलगी नर्स होते म्हणजे काय, हे या अंकाच्या वडीलधाऱ्या वाचकांना सांगायला नको.

१९५८ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिकडे १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा सुरू झालेली. परिचारिका कमी पडत, आणि मुख्य म्हणजे शिकतानाही विद्यावेतन मिळे. फी भरायची नाही, उलट घरी पैसे पाठवता यायचे. वडिलांनी मंगळवारच्या बाजारातून एक घोंगडी आणून बिछान्यात बांधून दिली. आईने विरोध केला: साहेबाच्या देशात घोंगडी नेऊन हसे करून घ्यायचे? वडील म्हणाले, थंडी काही साहेब ओळखत नाही.

परदेशी थंडीत आपल्या बाईने काय नेसावे, हा प्रश्न तसा जुना. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांना तो पडलाच होता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, पण साडी सोडली नाही. फिलाडेल्फियातले हिवाळे त्यांनी तशातच काढले. ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. क्षयाचे कारण काही साडी नव्हे. तरी त्या खोल्यांतल्या थंडीचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आमच्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले; त्यांची जी छायाचित्रे आहेत त्यांत ते तिथल्या फौजेच्या गणवेशात दिसतात. पुरुषाने पोशाख बदलला तर कोणी विचारीत नाही.

आत्यांना वॉर्डात गणवेश होता, तिथे प्रश्न नव्हता. बाहेर त्या साडीवर कोट घालीत. पहिले वर्ष त्या परिचारिकांच्या वसतिगृहात होत्या, पुढे लंडनमध्येच एका विधवा बाईंच्या घरी खोली घेतली. बाई उंच, काटक, फार बोलणाऱ्या नव्हेत. खोलीतल्या शेगडीच्या गॅससाठी मीटरमध्ये शिलिंग टाकायचे ते स्वतःही जपून टाकीत. शेवटच्या परीक्षेनंतर आत्यांना एका मोठ्या रुग्णालयात मुलाखतीचे बोलावणे आले. आदल्या रात्री बाईंनी कपाटातून हा जोड काढला आणि म्हणाल्या, साडीत तू छान दिसतेस, पण त्या समितीतल्या दोघींना मी ओळखते. त्या साडीशीच बोलतील, तुझ्याशी नाही. उसना घे.

"मग तुम्ही घातलात, आत्या?"

"घातला. नोकरी मिळाली. घरी पत्रात नोकरीचे लिहिले, झग्याचे नाही. आईला ते मरेपर्यंत कळले नाही."

त्या हिवाळ्याविषयी इंग्लंडातले जुने लोक अजून बोलतात. २६ डिसेंबर १९६२ ला बर्फ पडू लागला आणि मार्च उजाडेपर्यंत हटला नाही. मध्य इंग्लंडातल्या नोंदींत एवढा कडक हिवाळा १७४० नंतर झाला नव्हता. नळ गोठले. बाई छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या. आत्यांनी आपली घोंगडी त्यांच्या अंगावर घातली. चिंचोक्याची खळ दिलेली ती राठ, काळी, बोचणारी घोंगडी. पहिल्या रात्री बाई म्हणाल्या, हिला मेंढीचा वास येतो. दुसऱ्या रात्री काही म्हणाल्या नाहीत. लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते तरी ओली लागत नाही. आणि तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते, ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आमचा धनगर पावसात डोईवरून घोंगडीची खोळ घेऊन उभा राहतो, तो याच बळावर.

त्याच वर्षी आत्यांना परत यावे लागले. वडील थकले होते, धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते. निघताना त्यांनी जोड इस्त्री करून बाईंच्या पलंगावर ठेवला. बाई म्हणाल्या, घोंगडी मी परत देणार नाही. तेव्हा हा तू घेऊन जा. आत्यांनी तो बोटीवर घातला आणि मुंबई यायच्या आदल्या दिवशी उतरवून साडी नेसल्या. पुढे नाताळची पत्रे येत राहिली, १९७१ नंतर आली नाहीत.

हे सारे ऐकून वहिनी म्हणाल्या, आणि मला त्यांचे बोलणे पटले, "आत्या, त्या बाईंनी तो तुम्हांला नोकरी लागावी म्हणून दिला. आता तो विकून पोरीचे तिकीट काढले तर त्यांना काय वाईट वाटेल?"

आत्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी नातीला हाक मारली. "घालून बघ."

नात आधीच घालून पाहून बसली होती, हे आम्हां सर्वांना तेव्हा कळले. तिचा बेत असा की नुसते जाकीट घ्यायचे आणि ते जीनवर घालायचे. मुंबईच्या व्यापाऱ्याने हे ऐकले असते तर त्याला आमच्याच ओटीवर झोपवावे लागले असते. खांद्यांत जाकीट अगदी बेतल्यासारखे बसले. पोशाख मात्र आखूड; मुलगी आत्यांपेक्षा वीतभर उंच.

तेव्हा टेलरमास्तरांना बोलावणे गेले. हे मास्तर पूर्व भागातले, पद्मशाली. त्यांचे आजोबा मागावर बसत, वडिलांनी शिवणयंत्र घेतले, आणि हल्ली सोलापुरात शाळांचे गणवेश शिवण्याचा जो मोठा धंदा उभा राहिला आहे त्यात त्यांची मुले आहेत. मास्तर स्वतः मात्र एकेका माणसाचे माप घेऊन शिवणारे, शेवटच्या पिढीतले. त्यांनी हात धुतले, धोतराच्या सोग्याला पुसले, आणि जाकीट आतून उलटे केले. अस्तर बगलेत विरले होते. त्याच्या आत छातीवर कॅनव्हास, आणि तो लोकरीला हजारभर बारीक तिरप्या टाक्यांनी हाताने जोडलेला. "बाई, हे डिंकाने चिकटवलेलं नाही," ते म्हणाले. "हल्लीचा कोट धुतला की फुगतो, तो डिंक सुटतो म्हणून. हा अजून साठ वर्षं जातो बघा." मग पोशाखाची खालची दुमड त्यांनी बोटांत धरून चाचपली आणि हसले.

"माया सोडलीय की हो."

शिंपी लोक शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, हे वाचकांना माहीत असेल. खालच्या दुमडीत साडेतीन इंच कापड आत घेतलेले होते. बाई उंच होत्या. आत्यांनी मुलाखतीच्या आदल्या रात्री पोशाख कापून नव्हे, दुमडून आखूड केला होता, साध्या धावदोऱ्याने.

"कापला का नाहीत?" मी विचारले.

"उसना होता ना तेव्हा," आत्या म्हणाल्या. "परत द्यायचा होता."

मास्तरांनी तो धावदोरा उसवला. साडेतीन इंच उतरले आणि पोशाख मुलीच्या गुडघ्याखाली बरोबर आला. जुन्या दुमडीच्या जागी एक फिकी रेघ उरली होती. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली, थोडे शिरक्याचे पाणी लावले. घडी मोडली पण रेघ पुरती गेली नाही. मास्तरांनी तिच्यावरून काळ्या धाग्याच्या दोन समांतर टिपा मारल्या, तशाच दोन जाकिटाच्या बाह्यांवर मारल्या, आणि ती मुळातली नक्षी वाटू लागली. अस्तर नवे घातले. व्यापाऱ्याच्या हिशेबाने कपड्याची निम्मी किंमत त्या दुपारी गेली.

वहिनी अजून पुरत्या बोलत नाहीत. तिकिटाचे पैसे आत्यांनी आपल्या मुदतीच्या ठेवीतून काढून दिले, त्याने तर त्या जास्तच दुखावल्या. ती ठेव आत्यांच्या आजारपणासाठी होती. आणि गंमत अशी की लीड्सच्या थंडीला हा जोड पुरणारच नाही. त्यासाठी पिसे भरलेले जाड जाकीट निराळे घ्यावे लागले.

मास्तरांनी मजुरी सांगितली ती आत्यांना फार कमी वाटली. त्यावरून दोघांची चांगली अर्धा तास हुज्जत झाली. त्या वाढवीत होत्या आणि ते घटवीत होते. शेवटी मास्तरांनी ठरली तेवढीच घेतली, आणि जाताना उसवलेला तो जुना धावदोरा रिळाच्या खोक्यावर गुंडाळून मागून नेला. असला पक्का रंगलेला सुती दोरा हल्ली मिळत नाही म्हणाले.